बाबांचं जपानी इंजिन आणि फाट्यावरचे शहाणे

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला वारंगा फाट्यावर येऊन बघा. ह्यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, पाईप-फिटिंगच्या दुकानासमोर सहा-सात बाप्ये उकिडवे बसलेले दिसतील. मधे एक मोटारसायकल. तिच्याकडं ते ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेनं त्यांच्यातल्या एकानंही बायकोकडं लग्नाच्या दिवशीसुद्धा बघितलं नसेल. एकजण सायलेन्सरवरून हात फिरवतो, दुसरा नुसता "जपानी हाय भौ, जपानी" म्हणतो आणि बाकीचे माना डोलावतात. कुणाच्या घरात पाण्याची मोटर जळून चार दिवस झालेत, कुणाच्या लेकराची फी राहिली आहे. पण इथं जपानचा उद्धार चालू.

त्यातली गंमत अशी, की गाडी त्यांच्यातल्या कुणाचीच नाही. गाडी माझी. कागदावर माझं नाव, लायसन माझं, आणि रोज सतरा किलोमीटर जाऊन सतरा किलोमीटर परत येणारी मी. पण मी चहा घेऊन गेले की मंडळ गप्प बसायचं. बाईमाणसासमोर इंजिनाचं काय बोलायचं! जणू काही ते माझ्या नात्यातल्या कुणाची कुचाळकीच करून राहिले होते.

गाडी माझ्या बाबांची. बाबा सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावला राहतात. नोकरी होती ढोराच्या दवाखान्यात ड्रेसरची, मलमपट्टी करायची. डॉक्टर खुर्चीत आणि बाबा वाड्या-वस्त्यांवर, कुठं बैलाचा खूर सडला, कुठं म्हशीचं रेडकू आडवं आलं. त्यासाठी त्यांनी ही शंभर सीसीची टू-स्ट्रोक गाडी घेतली, जपानी कंपनीनं आपल्याकडच्या कारखान्यात बनवलेली. मी तेव्हा पहिलीत होते. पुढं ती गाडी बनायची बंद झाली, नव्या आल्या, त्या जुन्या होऊन भंगारात गेल्या, पण बाबांचं इंजिन एका किकेत चालू व्हायचं. तीस वर्षांत सिलिंडर घासायला एकदाही लेथवर गेला नाही. कारखान्यातून निघाला तसाच.

आणि खरं सांगते, ते इंजिन होतंच तसं. मला कळत नाही म्हणतात ना, तर ऐका. चार-स्ट्रोक गाडीच्या डोक्यावर व्हॉल्व्ह असतात, साखळी असते, कॅम असतो, शंभर भानगडी. ह्यात तसलं काही नाही. सिलिंडरच्या भिंतीलाच भोकं पाडलेली. पिस्टन वर-खाली होतो, तोच भोकं झाकतो, तोच उघडतो. कार्बोरेटरच्या तोंडाशी पातळ पत्र्याच्या जिभा, त्या आत जाणारी हवा जाऊ देतात आणि परत येणारी अडवतात. बस्स. हलणारे भाग मोजायला दोन हातांची बोटंही लागत नाहीत. जे नाही ते बिघडणार कसं? ती भोकं किती उंचीवर पाडायची, केवढी रुंद, एवढ्यावरच इंजिनाचा स्वभाव ठरतो. कारखान्यानं ती अशी पाडली होती, की चिखलात दुसऱ्या गिअरवर, मागं डबलसीट आणि हातात औषधाची पेटी असली तरी गाडी गुमान ओढायची. पळवायची म्हणलं तर पळायचीही. बाबा पळवायचे नाहीत, एवढंच.

असल्या इंजिनाला तेल पेट्रोलबरोबरच लागतं, कारण पिस्टनला तेल पाजणारं दुसरं काही आत नसतं. स्वस्तातल्या गाड्यांत लोक पेट्रोलच्या टाकीतच तेल मिसळतात. आमच्या गाडीला त्यासाठी वेगळी टाकी आणि इंजिनाला छोटा पंप. जेवढा ॲक्सिलेटर पिळाल, तेवढं तेल पंप आपणहून सोडतो. उजव्या बाजूला तेलटाकीची एक बारीक काच. बाबांनी मला गाडी शिकवली ती अकरावीत असताना, हिंगोलीच्या कॉलेजला जायला. शिकवताना पहिली गोष्ट सांगितली, किक मारायच्या आधी खाली वाकायचं आणि काच बघायची. "काच काळी दिसली तर ठीक. रिकामी दिसली तर किक न्हाई मारायची, मग मागं वाघ लागो." आणि दुसरी, चालवताना डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. इंजिन कधी आखडलं तर क्लच दाबला की चाक मोकळं होतं, न्हाईतर माणूस तोंडावर जातं. मी दोन्ही पाळत आले. रोज. पावसात, उन्हात, तापात.

बाबांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी गाडी मला दिली. जावयाला नाही, मला. आमच्या वस्तीतल्या चार म्हाताऱ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. "जावई असताना लेकीच्या नावावर गाडी?" बाबा म्हणाले, "चालवणारी ती हाय." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं जगले म्हणा ना. लोकांच्या बापांनी लेकींना सोनं दिलं, माझ्या बापानं मला चाकं दिली, असं मी शाळेत बायकांना ठसक्यात सांगायची.

शाळा म्हणजे फाट्यापासून सतरा किलोमीटरवरची, आडरस्त्याची. जीप जात नाही, बस सकाळची एक, तीही मनात आलं तर. तिथं मी अकरा वर्षं मानधनावर शिकवत होते. दर जूनला नवा कागद, दर एप्रिलला घरी बसा. त्या वर्षी कायम जागेच्या यादीत माझं नाव आलं. हिंगोलीला कागदपत्रं तपासायला बोलावलं, बुधवारी सकाळी अकरा वाजता. पत्रात स्वच्छ लिहिलेलं, वेळेवर हजर नसेल त्याचा हक्क संपला, जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या नावाला. आणि माझ्या वयाची मुदत त्या भरतीपुरतीच शिल्लक होती. पुढच्या भरतीला मी अर्जसुद्धा भरू शकणार नव्हते. म्हणजे ही एकच. मी ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं होतं आणि दिवसातून दोनदा काढून वाचायची.

आता मंडळाकडं वळू.

दोन वर्षांमागं फाट्यावर एक ट्यूनर आला. मेकॅनिक म्हणलं तर त्याला राग यायचा. चाळिशीचा माणूस, नाकावर चष्मा, नांदेडला कुठंतरी शिकला आणि उरलेलं मोबाईलवर. त्याच्या मते कारखान्यानं इंजिन अर्धं झोपवून पाठवलेलं असतं, ते उठवायला तो जन्माला आलाय. जपानी माणसांनी आयुष्यं घालून जी भोकं मोजून पाडली, ती हा ग्राइंडर घालून रुंद करणार! वर म्हणणार, "त्यांनी आपल्यासाठी दम राखून ठेवलाय, वहिनी." वा रे वा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी त्याला तोंडावर म्हणलं होतं, "माझ्या गाडीला हात लावला तर ग्राइंडर तुमच्याच बोटांवर चालवीन." सगळे हसले. आमचे हेसुद्धा हसले, आणि मला वाटलं विषय संपला.

मग मला तीन दिवस नांदेडला प्रशिक्षणाला जावं लागलं. परत आले तर गाडी दारात, आणि तिला मधे फुगलेला, शेवटाला बारीक झालेला चंदेरी सायलेन्सर. गाभण शेळीसारखा. मी पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलं, "हे काय केलं?"

"सर्व्हिसिंग," हे म्हणाले.

"अन् हे नळकांडं?"

"जुनं सडलं व्हतं. अगं, दोन-चार किरकोळ कामं केली. तू बघ तर खरी चालवून."

दोन-चार किरकोळ कामं अशी: भोकं रुंद केली, हेड घासून पातळ केलं, कार्बोरेटर मोठा बसवला, पिस्टनच्या रिंगा नव्या टाकल्या. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. पण करणार काय? घासलेलं लोखंड परत उगवत नाही. शाळेत तर जायचंच होतं.

आणि चालवून बघितली. आई शप्पथ, इतकं वाईट काम पैसे देऊनही कुणाकडून करून मिळालं नसतं. खालचा दम पार गेला. चिखलातून जी गाडी गुमान यायची, ती आता घरघर करून माझ्याकडं बघायची. पहिल्या गिअरवर पिळावं लागायचं, पिळलं की काही नाही, काही नाही, आणि मग एकदम माकडाच्या शेपटीला आग लागल्यासारखी उसळायची. मागचं पोरगं पडायला आलं होतं एकदा, आमचंच. मंडळ मात्र खूष. हे संध्याकाळी गाडी घेऊन डांबरी रस्त्यावर जायचे, मंडळ मोबाईल घेऊन उभं राहायचं, हे सुंईकन जायचे, सुंईकन यायचे. कुठं जायचं नाही, काही आणायचं नाही. नुसतं जायचं आणि यायचं. दळण आणायला सांगितलं की मात्र ह्यांचे गुडघे दुखायचे.

धूर जास्त यायचा. मी ट्यूनरला विचारलं. म्हणाला, "नव्या रिंगा हायत वहिनी, बसंपर्यंत धूर मारणारच." हे मला पटलं, कारण ते खरंही असतं. अर्धवट खोटं बोलणारा माणूस पूर्ण खोटं बोलणाऱ्यापेक्षा वाईट, कारण त्याला पकडता येत नाही. मी आपली रोज सकाळी वाकून काच बघायची. काच काळीभोर. टाकी भरलेली. म्हणलं चला, निदान इथं तरी हात लावला नाही.

आणखी एक झालं. हे म्हणाले, "पेट्रोल आता मीच टाकत जाईन. तू काहून रांगेत उभी राहतीस?" सोळा वर्षांत ज्या माणसानं पाण्याचा तांब्या स्वतः भरला नाही, तो म्हणतो पेट्रोल मी टाकतो! मी विरघळले. खरंच सांगते, मैत्रिणीला फोन करून सांगितलं की माणूस सुधारून राहिला. माझ्या अकलेची कमाल! बाईला नवऱ्यानं एक काम आपणहून केलं की ती त्याच्या मागचं कारण विचारत नाही, दृष्ट काढायला बसते.

बुधवार उजाडला. मी साडेआठलाच निघाले, अकराची वेळ, रस्ता तासाभराचा, तरी. पांढरी साडी, पिशवीत मूळ कागदपत्रं, झेरॉक्सचे तीन संच. निघताना वाकले, काच बघितली. भरलेली. हे अंथरुणातूनच म्हणाले, "जय भीम, नीट जा." पेट्रोलचं विचारलं तर, "हाय की, मस्त हाय." मस्त होतं ते आदल्या संध्याकाळी सुंईकन जाण्या-येण्यात जळून गेलं होतं. कॉकसुद्धा आधीच रिझर्व्हवर फिरवलेला. जुनं इंजिन तेवढ्यावरही हिंगोली गाठून देतं, पण हे उठवलेलं इंजिन पेट्रोल पीत नव्हतं, ढोसत होतं. कळमनुरीच्या अलीकडं गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली.

मी गाडी बाजूला घेते न घेते तोच मागून एक शेतकरी आला, गाडीला दुधाचे कॅन अडकवलेले, माझ्या बाबांच्या वयाचा. आमच्याकडं कुणाचं पेट्रोल संपलं तर थांबावंच लागतं, तो रिवाजच आहे. न थांबणारा माणूस गावात तोंड दाखवू शकत नाही. त्यानं काही न विचारता स्वतःच्या गाडीची नळी काढली, पाण्याची बाटली रिकामी केली आणि भरू लागला. भरता भरता म्हणाला, "बाई, ही टू-स्ट्रोक दिसती. ह्याच्यात ऑइल टाकावं लागते ना? माझ्या फवारणीच्या पंपाला लागते. थांबता का, म्होरं दुकान हाय, पाच मिनिटांत आणतो."

आणि मी काय केलं? मी त्याला भाषण दिलं. "न्हाई काका, ही जपानी हाय. हिला वेगळी टाकी असती, पंप असतो. ही बघा काच." मी त्याला वाकून काच दाखवली. तो बिचारा वाकला, बघितलं, म्हणाला, "व्हय, भरल्याली हाय की." पैसे घेईना. मी बळंच देऊ लागले तर म्हणाला, "तुमाला तकलीफ झाली म्हणून थांबलो, दुकान न्हाई मांडलं." त्या दिवशी इंजिनाबद्दल मला बरोबर प्रश्न विचारणारा तो एकटा माणूस, आणि त्यालाच मी शिकवून आले.

कळमनुरीच्या पंपावर टाकी भरून घेतली. साडेनऊ झाले होते, वेळच वेळ. गाव सोडलं, रस्ता मोकळा. चार-पाच किलोमीटरवर आवाज बारीक झाला. ऐकायची सवय असलेल्या माणसालाच कळतो तो. जसं कुणी बोलता बोलता घसा आवळून बोलायला लागतं. मी ॲक्सिलेटर सोडला, आणि त्याच क्षणी खालून करकचून धरल्यासारखं झालं आणि मागचं चाक थांबलं. बोटं क्लचवर होती म्हणून मी आज हे लिहून राहिले. गाडी हातभर घसरली, उभी राहिली. करपलेल्या धातूचा वास. किक खाली जाईना. मी खाली वाकले, काच बघितली. भरलेली. परत बघितली. मला काही समजेना. आयुष्यात पहिल्यांदा मला खरंच वाटलं, की आपल्याला इंजिनातलं कळत नाही.

गाडी ढकलत एका चहाच्या टपरीपर्यंत नेली. किती वेळ गेला ते घड्याळ बघायचं धाडस झालं नाही. टपरीवाल्याकडं गाडी लावून रस्त्यावर उभी राहिले. काळी-पिवळी जीप आली, मागं माणसं लटकलेली, थांबली नाही. दुसरी थांबली आणि कुणाच्या तरी मळ्यातल्या भाजीसाठी वीस मिनिटं थांबूनच राहिली. मी ड्रायव्हरला हात जोडले. तो म्हणाला, "निघालोच बाई." ह्यांना फोन लावला तर उचलला नाही, दुकानात गिऱ्हाईक. हिंगोलीत उतरून त्या कार्यालयापर्यंत मी पळत गेले, चाळिशीच्या उंबऱ्यावरची बाई, पांढऱ्या साडीला ग्रीसचे पंजे.

पावणेबारा वाजले होते. टेबलावरच्या बाईनं यादी माझ्याकडं फिरवली. माझ्या नावापुढं 'गैरहजर'. म्हणाली, "तीनदा पुकारलं हो ताई." पुढच्या नावाची मुलगी आत बसली होती, तिचे कागद तपासून चालले होते. तिचा काय दोष? ती वेळेवर आली होती. मी त्या बाईला गाडीचं सांगू लागले, इंजिन आखडलं, तेल तर होतं. ती ऐकत होती, वाईट वाटल्यासारखं करत होती, पण तिच्या हातातलं पेन बंद होतं. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि रडले. मोठ्यानं रडले, लाज न बाळगता.

रविवारी मंडळ जमलं. गाडी टेम्पोत घालून आणलेली. त्या दिवशी मी घरात बसणार नव्हते. मीही उकिडवी बसले, बरोबर मधे. ट्यूनरनं हेड उघडलं, सिलिंडर वर उचलला. पिस्टनला उभे ओरखडे, एका बाजूला तर ॲल्युमिनियम वितळून भिंतीला चिकटलेलं. तीस वर्षं जिला कुणी खरवडलं नव्हतं त्या भिंतीला. सगळे वाकले. ट्यूनरनं कनेक्टिंग रॉड धरून हलवला, खालचा क्रँक फिरवून बघितला आणि त्याचा चेहरा उजळला.

"क्रँकला ढिम्म झालं न्हाई! बघा, एवढं आखडूनसुद्धा. दुसरं इंजिन असतं तर रॉड बाहेर आला असता. जपानी ते जपानी."

"वाचलं म्हणायचं," हे म्हणाले. आणि मंडळानं सुटकेचा श्वास सोडला. खरंच सोडला, मला ऐकू आला. पिस्टन नवा टाकू, सिलिंडर घासून एक बोअर घेऊ, आणखी जोरात पळंल. वाचलं! माझी अकरा वर्षं त्या पायरीवर पडली होती आणि ह्यांचं वाचलं होतं.

"पण आखडलं काहून?" मी विचारलं. "तेल तर भरलेलं हाय."

मग ह्यांच्या तोंडून निघालं, आणि तेही माझ्यावर घसरत. "तू नुसतं पेट्रोल टाकलं. ऑइल न टाकता. टू-स्ट्रोक हाय ती, येवढं तरी कळाया पायजे."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मी म्हणलं, "पंप हाय ना तिला?"

ट्यूनर खाली बघत म्हणाला, "पंप काढून टाकला व्हता वहिनी. जुना झालता. येवढ्या जोरात फिरणाऱ्या इंजिनाला त्याचा भरोसा न्हाई. दगा देण्यापेक्षा पेट्रोलातच मिसळायचं. रेसवाले असंच करतात. भाऊ मिसळून देणार व्हते दर वेळी."

म्हणून पेट्रोल मी टाकतो! म्हणून धूर! मी उभी राहिले. एक गोष्ट तरीही जुळत नव्हती. पंप नाही, नळी नाही, मग त्या टाकीतलं तेल कुठंच जात नव्हतं. ते एक थेंबही कमी होणार नव्हतं. "मग टाकी काहून भरून ठेवली? कोणाला दाखवायला?"

हे पान्यानं एक नट घट्ट करू लागले, जो आधीच घट्ट होता. मी परत विचारलं, ह्या वेळी ओरडून. रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्यानं मान वर केली. ट्यूनर बिचकला. "वहिनी, माझ्यावर काहून चिडता? ती आयडिया माझी न्हाई. ते तर तुमच्या बाबांनी सांगितलं व्हतं."

मी त्याच्या तोंडात मारणार होते. हात उचललाही होता. पण ह्यांनी मान वर केली नाही, आणि मला कळलं की हे खरं आहे.

त्याच दुपारी मी जीपनं हिंगोली आणि तिथून दुसऱ्या जीपनं गोरेगाव गाठलं. बाबा ओसरीत सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसले होते. मला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पण नेहमीसारखं "आलीस का माय" म्हणाले नाहीत.

मी उभ्यानंच विचारलं, "बाबा, तेलाची टाकी भरून ठेवा असं तुमी सांगितलं?"

त्यांनी डाळीतला एक खडा उचलून बाहेर फेकला. मग म्हणाले, "जावईबापूचा फोन आलता. पंप काढून राहिलो म्हणाले. मी म्हणलं, काढा. पण ती रोज काच बघती, रिकामी दिसली की गाडी जाग्यावर लावील अन् तुमालाबी उभं करून जाब इचारील. म्हणून म्हणलं, टाकी भरून ठेवा. पेट्रोलात मिसळायला इसरू नका, हे बजावलं व्हतं बरं का त्यांना. दोनदा बजावलं."

"त्यांना बजावलं."

"व्हय."

"अन् मला?"

लुगड्याच्या चिंध्यांची जुनी गोधडी अंगाखाली होती, तिचा दोरा बाबा ओढत बसले. मग आपणहूनच बोलू लागले, माझ्याकडं न बघता. "वीस वर्सं मी तिला रोखून चालवली. लेकरं लहान, पगार थोडा, मोडली तर दुसरी कुठून आणावी. पण हाताला कळायचं ना, की हिच्या पोटात लई हाय. मनात यायचं, एकदा तरी बघावं. जावईबापू म्हणाले, ऐकवतो. त्यांनी सायलेन्सरजवळ फोन धरला अन्..."

"अन् तुमी ऐकलं."

"ऐकलं." आणि बाबांचा चेहरा, देवाशप्पथ, अगदी ट्यूनरसारखा उजळला. "लई भारी वाजलं गं माय. अंगावर काटा आला बघ."

मग त्यांना माझं तोंड दिसलं. मी कधी बापाशी वर तोंड करून बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. "बाबा, माझी नोकरी गेली. आता परत अर्जबी भरता येत न्हाई. तुमी मला एक फोन करायचा व्हता. ज्या दिवशी त्यांचा फोन आला, त्या दिवशी मला काहून न्हाई केला?"

बाबा रडत होते. पण खोटं बोलले नाहीत, एवढं मात्र खरं.

"कसा करावा?" ते म्हणाले. "गाडी तुझी व्हती. तुला इचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस."

"व्हय," मी म्हणलं. "न्हाईच म्हणले असते."